सासूबाईंच्या जीपी दवाखान्याबद्दल तक्रार करायची आहे. कोणाकडे आणि कशी करावी?

प्रश्न : हॅरोची सून

नमस्कार. आम्ही लंडनच्या वायव्येस हॅरो येथे राहतो. माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. पन्नास वर्षांपूर्वी त्या सासऱ्यांबरोबर या देशात आल्या, पण सारे आयुष्य घर आणि शिवणकामाचा कारखाना यांतच गेल्यामुळे इंग्रजी त्यांना कामापुरतेच येते. त्यांच्या जीपीच्या, म्हणजे नेहमीच्या कुटुंब-डॉक्टरांच्या, दवाखान्याबद्दल मला तक्रार करायची आहे आणि सुरुवात कोठून करावी हेच कळत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. (येथे जीपीच्या दवाखान्यालाही ‘सर्जरी’ म्हणतात, पण मराठीत त्याचा अर्थ शस्त्रक्रिया होतो, म्हणून मी दवाखाना हाच शब्द वापरते.)

फेब्रुवारीत सासूबाईंना चक्कर येऊन त्या पडल्या. रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा सोडियम १२४ निघाले. ते १३३ ते १४६ च्या दरम्यान असावे लागते. रक्तदाबासाठी चालू असलेल्या इंडापामाइड या गोळीमुळे ते उतरले असावे, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले आणि ती गोळी कायमची बंद करावी असे घरी सोडतानाच्या पत्रात स्पष्ट लिहिले. त्याच पत्राची प्रत दवाखान्याला गेली. सासूबाईंच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून दर आठवड्याला खणांच्या डब्यात भरून येतात, त्यामुळे नवा डबा आला तेव्हा त्यातून ती गोळी काढलेली असणार असे आम्ही गृहीत धरले.

मार्चच्या शेवटी त्यांचा तोल पुन्हा जाऊ लागला. मी दोन वेगवेगळ्या दिवशी दवाखान्यात फोन केला आणि दोन्ही वेळा ‘आजच्या वेळा संपल्या, उद्या सकाळी आठ वाजता फोन करा’ एवढेच उत्तर मिळाले. तिसऱ्या दिवशी पहाटे त्या न्हाणीघराच्या दाराशी पडल्या आणि मनगटाचे हाड मोडले. रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचा डबा पाहायला मागितला. मी एकेक खण त्यांच्यासमोर पलंगाच्या चादरीवर रिकामा केला. सकाळच्या प्रत्येक खणात ती बारीक गोळी होती, सातही दिवस. सोडियम या वेळी १२१ होते.

नंतर मी दवाखान्याच्या खिडकीपाशी जाऊन विचारले. पत्र आले होते, पण ‘कसे कोण जाणे, यादीत बदल झाला नाही’ असे सांगून त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि ती गोळी यादीतून काढली. त्यापलीकडे आजवर काहीही झालेले नाही. या गोष्टीला आता पाच महिने होत आले.

घरात यावरून मतभेद आहेत. सासूबाईंचे म्हणणे असे की तीस वर्षे ज्या डॉक्टरांनी आपल्याला सांभाळले त्यांच्या पोटावर पाय आणू नये, आणि तक्रार केली तर नाव कमी करतील, मग या वयात नवा डॉक्टर कोठे शोधायचा? मला कोणाची नोकरी घालवायची नाही आणि पैसेही नकोत. ते पत्र आल्यानंतर त्याचे काय झाले हे मला कळायला हवे, आणि उद्या दुसऱ्या कोणाच्या आईच्या बाबतीत असे होऊ नये यासाठी त्यांनी काय केले तेही कळायला हवे. तक्रार कोणाकडे करायची, उशीर तर झाला नाही ना, नाव कमी करू शकतात का, आणि ज्यांच्यावर हे गुदरले त्या सासूबाईंना स्वतःच्या भाषेत बोलता येईल का, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

उत्तर : मिडलँड्सकर

ताई, सासूबाईंच्या मनगटाला आता आराम असेल अशी आशा करतो. मी इंग्लंडमधल्या एका जीपी दवाखान्यात आधी खिडकीवर आणि नंतर आतल्या कार्यालयात मिळून अकरा वर्षे काम केले आहे, त्यामुळे तक्रार आत गेल्यावर तिचे काय होते हे जवळून पाहिले आहे.

उशीर झालेला नाही. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, तक्रारींसाठी २००९ चे नियम लागू आहेत आणि त्यांनुसार घटना घडल्यापासून, किंवा ती आपल्याला कळल्यापासून, १२ महिन्यांच्या आत तक्रार करता येते. तक्रार मिळाल्याची पोच कामाच्या ३ दिवसांत द्यावी लागते आणि चौकशी कशी होणार, उत्तर साधारण केव्हा मिळणार हे आपल्याशी बोलून ठरवावे लागते. सहा महिने उलटूनही उत्तर तयार नसेल तर विलंबाचे कारण लेखी कळवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.

आपण खिडकीपाशी जे बोललात ते मात्र बहुधा कोणत्याही वहीत तक्रार म्हणून नोंदले गेलेले नसेल. तोंडी तक्रार लगेच पुढच्या कामाच्या दिवसाअखेर तक्रारदाराच्या समाधानाने मिटली, तर तिला या नियमांची प्रक्रिया लागत नाही. आपण दिलगिरी ऐकून परत आलात, त्यांनी गोळी काढली आणि बाब मिटली असे समजले. यात कोणाचा कावा असेलच असे नाही. खिडकीवर सकाळी आठ ते दहा या वेळात फोन, माणसे आणि औषधांच्या चिठ्ठ्या यांची जी रेटारेटी असते, तिच्यात बोललेला शब्द टिकत नाही. म्हणून तक्रार लेखी द्यावी. तोंडीच द्यायची असेल तर ‘ही माझी औपचारिक तक्रार आहे, ती लिहून घ्या आणि मला प्रत द्या’ असे स्पष्ट म्हणावे. तशी प्रत देणे त्यांचे काम आहे.

पत्र प्रॅक्टिस मॅनेजरच्या, म्हणजे दवाखान्याचा कारभार पाहणाऱ्या व्यक्तीच्या, नावे द्यावे, डॉक्टरांच्या नावे नव्हे. प्रत्येक दवाखान्यात तक्रारींसाठी एक जबाबदार व्यक्ती नेमलेली असते आणि बहुतेक ठिकाणी ती प्रॅक्टिस मॅनेजरच असते. आपण सासूबाईंच्या वतीने लिहिणार असल्याने त्यांचे लेखी संमतिपत्र सोबत जोडावे, नाहीतर पहिले दोन आठवडे संमती मागवण्यातच जातात. सही देवनागरीत असली तरी काही हरकत नाही.

पत्र कसे असावे याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तिथेच सगळे ठरते. माझ्या हातून शेकडो पत्रे गेली. ज्यांत राग भरलेला असे त्यांची उत्तरेही बचावाची येत, आणि ज्यांत तारखा व प्रश्न असत त्यांना प्रश्नागणिक उत्तर द्यावे लागे. आपल्या पत्राचा गाभा साधारण असा ठेवता येईल:

‘माझ्या सासूबाईंना अमुक तारखेला रुग्णालयातून घरी सोडताना इंडापामाइड बंद करण्याची सूचना दिली गेली. त्या पत्राची प्रत सोबत आहे. त्यानंतर अमुक आणि अमुक तारखांना आपल्याकडून त्याच गोळीच्या चिठ्ठ्या निघाल्या. अमुक तारखांना मी फोन केला असता दुसऱ्या दिवशी फोन करण्यास सांगण्यात आले. अमुक तारखेला त्या पडल्या व मनगट मोडले. आम्हाला पुढील गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: ते पत्र आपल्याकडे कोणत्या दिवशी पोहोचले, ते कोणी पाहिले, औषधांच्या यादीत बदल करण्याची जबाबदारी कोणाची होती, तो बदल का झाला नाही, आणि माझे फोन आले तेव्हा त्यांची नोंद कोणी व कशी केली. या घटनेची दवाखान्याने अंतर्गत चौकशी केली आहे का, आणि पुन्हा असे होऊ नये यासाठी काय बदल केला, हेही लेखी कळवावे.’

फोनची वेळ आपल्या भ्रमणध्वनीतल्या नोंदीत अजून असेल तर तिचे छायाचित्र काढून ठेवा. चिठ्ठ्यांच्या तारखा एनएचएस ॲपमध्ये दिसतात. ॲपमध्ये सगळे दिसत नसेल तर सासूबाईंच्या नावे नोंदींची प्रत मागा. माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे ती साधारणपणे एका महिन्यात आणि विनामूल्य द्यावी लागते.

‘उद्या आठला फोन करा’ या उत्तराबद्दलही स्वतंत्र प्रश्न विचारा. मे २०२३ पासून जीपींच्या करारात बदल झाला असून रुग्णाने संपर्क साधला की त्याच वेळी त्याची गरज पाहून वेळ देणे किंवा योग्य ठिकाणी पाठवणे अपेक्षित आहे. नुसते ‘पुन्हा फोन करा’ म्हणून परत पाठवणे त्या करारात बसत नाही. तोल जात असलेली ७६ वर्षांची बाई, नुकतीच रुग्णालयातून आलेली, ही माहिती त्या दिवशी कोणी विचारलीच नाही, हे मला स्वतःला सर्वांत जास्त खटकते.

नाव कमी करण्याची भीती खूप घरांत असते. एखाद्या रुग्णाला यादीतून काढायचे तर दवाखान्याला सबळ कारण लागते, आणि हिंसाचारासारखे काही अपवाद सोडले तर आधीच्या १२ महिन्यांत ताकीद दिलेली असावी लागते. तक्रार केली हे तसे कारण होत नाही. शिवाय तक्रारीची कागदपत्रे रुग्णाच्या वैद्यकीय नोंदींत ठेवायची नसतात, त्यांची फाइल वेगळी असते. आमच्याकडे ती प्रॅक्टिस मॅनेजरच्या खोलीतल्या कुलूपबंद कपाटात असे आणि पुढच्या भेटीला रुग्णाची नोंद उघडणाऱ्या डॉक्टरांना ती दिसत नसे.

उत्तर : रेडिंगवासी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त दुसरा मार्गही नोंदवून ठेवतो, कारण आम्हाला तो घ्यावा लागला.

माझ्या वडिलांचा खोकला जात नव्हता. चार वेळा दाखवले, चारही वेळा वेगवेगळ्या व्यक्तींनी तपासले, दोनदा प्रतिजैविके दिली आणि छातीचे क्ष-किरण छायाचित्र काढायला कोणी पाठवले नाही. निदान झाले तेव्हा फार उशीर झाला होता. आमचा दवाखाना अगदी लहान होता आणि तक्रारी पाहणारी व्यक्ती डॉक्टरांच्या घरातलीच होती, त्यामुळे तिथे पत्र देण्याचे आम्हाला धैर्य झाले नाही.

अशा वेळी दवाखान्याऐवजी ज्या संस्थेने त्याच्याशी सेवेचा करार केलेला असतो तिच्याकडे तक्रार करता येते. पूर्वी हे काम एनएचएस इंग्लंडकडे होते. १ जुलै २०२३ पासून ते आपल्या भागाच्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे, म्हणजे त्या भागातल्या एनएचएस सेवांचे नियोजन करणाऱ्या मंडळाकडे, आले आहे. पण दोन्हींकडे एकच तक्रार करता येत नाही, एकच दार निवडावे लागते. बोर्डाकडे गेलात तरी बोर्ड दवाखान्याकडूनच खुलासा मागवते, म्हणजे आपले नाव त्यांच्यापासून लपून राहत नाही. फरक एवढाच की उत्तर बोर्डाच्या सहीने येते आणि मध्ये कोणीतरी तिसरा वाचणारा असतो.

आम्हाला उत्तर यायला साडेपाच महिने लागले आणि ते दोन पानांचे, गुळमुळीत होते. मग आम्ही पार्लमेंटरी अँड हेल्थ सर्व्हिस ओम्बुड्समनकडे, म्हणजे आरोग्यसेवेच्या लोकपालाकडे गेलो. दवाखान्याचे किंवा बोर्डाचे अंतिम उत्तर मिळाल्यावरच ते प्रकरण हाती घेतात, त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि आरोग्याच्या तक्रारींसाठी खासदाराची सहीही लागत नाही. वर्षाहून अधिक काळ गेला. आमची तक्रार अंशतः मान्य झाली: तिसऱ्या भेटीलाच छायाचित्र काढायला पाठवायला हवे होते असा निष्कर्ष निघाला, दवाखान्याने आईला माफीचे पत्र लिहिले आणि सुधारणेचा आराखडा सादर केला. आईने ते पत्र वडिलांच्या फोटोमागे ठेवले आहे.

हा काळ सोपा नव्हता हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. दर वेळी नवे पत्र आले की घरात तो सगळा हिवाळा पुन्हा उभा राही. आमच्या मदतीला आली ती महापालिकेने नेमलेली तक्रार-साहाय्यक. इंग्लंडमध्ये प्रत्येक स्थानिक परिषदेला एनएचएसच्या तक्रारींसाठी स्वतंत्र आणि विनामूल्य साहाय्याची सोय करावीच लागते, आणि हे लोक दवाखान्याचे नसतात. आमची साहाय्यक घरी आली, चहा घेत दोन तास बसली आणि आईचे विस्कळीत बोलणे तारखांच्या क्रमाने लिहून दिले. आपल्या परिषदेच्या संकेतस्थळावर ती सेवा कोण चालवते ते मिळेल.

आमच्या वेळी नव्हता असा एक आधार आता आहे, तोही सांगतो. जेसिका ब्रेडी ही २७ वर्षांची तरुणी वारंवार दवाखान्याशी संपर्क साधूनही कर्करोगाचे निदान वेळेवर न झाल्याने डिसेंबर २०२० मध्ये वारली. तिच्या आईवडिलांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ‘जेसचा नियम’ आला: एकच त्रास घेऊन, किंवा वाढत चाललेला त्रास घेऊन, रुग्ण तीनदा आला तर जीपीने आपल्या आधीच्या निदानाचा नव्याने विचार करावा. ज्यांचा प्रश्न औषधाचा नसून न झालेल्या निदानाचा आहे त्यांनी आपल्या पत्रात भेटींची संख्या आणि तारखा जरूर लिहाव्यात.

उत्तर : यॉर्कशरमधील एक जीपी

मी महाराष्ट्रात वैद्यकीय शिक्षण घेतले आणि बरीच वर्षे इथे जीपी म्हणून काम करतो. वरच्या दोघांनी प्रक्रिया उत्तम सांगितली आहे, म्हणून मी मेजाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो.

आधी तक्रारीहून तातडीचे. सासूबाईंचे सोडियम सध्या किती आहे हे अलीकडे तपासले नसेल तर या आठवड्यात तपासून घ्या आणि दवाखान्यातल्या फार्मासिस्टबरोबर सगळ्या औषधांची फेरतपासणी मागा. जाताना डबा, जुन्या पाकिटांत उरलेल्या गोळ्या आणि घरी घेत असलेली आयुर्वेदिक चूर्णे-काढे, सगळे एका पिशवीत घालून न्या. तक्रार चालू असताना उपचार थांबत नाहीत आणि थांबवूही नयेत.

आता ते पत्र. रुग्णालयाने घरी सोडल्यापासून २४ तासांत हे पत्र दवाखान्याला पाठवायचे असते, आणि ते मिळाल्यावर शक्यतो एका आठवड्याच्या आत औषधांची यादी जुळवून घ्यावी असे ‘नाइस’ या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचे मार्गदर्शन आहे. प्रत्यक्षात आमच्याकडे दिवसाला शंभराच्या घरात कागद येतात. ते आधी कार्यालयातले कर्मचारी पाहतात, खुणा करतात आणि मग डॉक्टर किंवा फार्मासिस्टच्या कामाच्या यादीत टाकतात. ‘नवे औषध सुरू करा’ ही ओळ सगळ्यांच्या नजरेत भरते, पण ‘बंद करा’ ही ओळ निसटते, कारण काही करायचे राहून गेले तरी चिठ्ठी आपली आपण निघतच राहते. आपण विचारलेला ‘पत्राचे काय झाले’ हा प्रश्न म्हणूनच अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. त्यात एक प्रश्न जोडा: फेब्रुवारी २०२१ पासून रुग्णालय औषधांतले बदल थेट औषधाच्या दुकानालाही कळवू शकते अशी सेवा सुरू आहे, ती आपल्या बाबतीत वापरली गेली होती का? नसेल तर रुग्णालयालाही ते विचारा. दोन संस्थांचा संबंध असेल तर त्यांनी मिळून एकच सुसंगत उत्तर द्यावे अशी तरतूद तक्रारींच्या नियमांतच आहे.

दिलगिरीबद्दल एक गैरसमज आमच्या बाजूलाही आहे. माफी मागितली म्हणजे कायद्याने चूक कबूल केली, असे वाटून काही डॉक्टर शब्द चोरतात. २००६ च्या कायद्यात स्वच्छ लिहिले आहे की निव्वळ माफी ही जबाबदारीची कबुली ठरत नाही. उलट चुकीमुळे रुग्णाला इजा झाली असेल तर ते त्याला सांगणे, माफी मागणे आणि चौकशीतून काय निघाले ते कळवणे हे एप्रिल २०१५ पासून जीपी दवाखान्यांवर कायद्याने बंधनकारक आहे. मोडलेले मनगट ही इजाच आहे. हे आपण मागण्याआधी त्यांनी स्वतःहून करायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

अनेक जण विचारतात की जनरल मेडिकल कौन्सिलकडे किंवा केअर क्वालिटी कमिशनकडे का जाऊ नये. कौन्सिल एखाद्या डॉक्टरला वैद्यकी करू द्यावी की नाही हे पाहते. तुमच्या पत्राचे काय झाले हे ते शोधून देणार नाही आणि माफीही मागायला लावणार नाही. बेइमानी, नशेत काम, गैरवर्तन, वारंवार धोकादायक उपचार अशा गोष्टींसाठी ते दार आहे आणि तिथे संकोच करू नये. कमिशन दवाखान्यांची तपासणी करून श्रेणी देते. एकेकाची तक्रार ते सोडवत नाही, पण आपला अनुभव त्यांना कळवला तर पुढच्या तपासणीत तो उपयोगी पडतो. नुकसानभरपाईचा दावा हा आणखी वेगळा मार्ग असून त्यासाठी बहुधा वकील लागतो आणि साधारणपणे ३ वर्षांची मुदत असते. आपल्याला ते नको आहे, तेव्हा तो विषय इथेच सोडतो.

भाषेबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचे आहे. दुभाषा मिळणे हा सासूबाईंचा हक्क आहे, त्याचे पैसे रुग्णाला पडत नाहीत आणि घरच्या माणसांना दुभाषा करू नये असे एनएचएसचेच मार्गदर्शन आहे. मराठी दुभाषे फोनवर मिळतात. आधी कळवावे लागते आणि भेटीची वेळ दुप्पट मागावी लागते. सून भाषांतर करते तेव्हा सासूबाई अर्धे गिळतात आणि सून उरलेल्यातले अर्धे सौम्य करते, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. आपण पत्रातच लिहा की भेट झाल्यास मराठी दुभाषा हवा आहे.

सासूबाईंना माझ्या वतीने एवढे सांगा: माझ्याविरुद्ध तक्रार झाली आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही हे खरे, पण पोटावर पाय आला नाही. एका वृद्ध गृहस्थांच्या मुलीने लिहिले होते की मी त्यांच्याकडे न पाहता संगणकाच्या पडद्याकडे पाहत बोललो आणि ते जे सांगत होते ते मला ऐकू गेले नाही. ते खरे होते. आज माझा पडदा बाजूच्या मेजावर आहे आणि रुग्ण बोलत असेपर्यंत मी तिकडे वळत नाही. ते गृहस्थ शेवटपर्यंत माझ्याकडेच येत होते.

उत्तर : एडिनबरावासी

वाचणाऱ्यांपैकी कोणी इंग्लंडबाहेर असेल तर वरच्या मुदती जशाच्या तशा धरू नयेत. स्कॉटलंडमध्ये बाब कळल्यापासून ६ महिन्यांत तक्रार करायची असते. लहान बाबींसाठी कामाच्या ५ दिवसांत आणि चौकशी लागल्यास २० दिवसांत उत्तर अपेक्षित असते, आणि त्यापुढे स्कॉटलंडचा स्वतंत्र लोकपाल आहे. साहाय्य सिटिझन्स ॲडव्हाइसच्या कार्यालयात मिळते. वेल्समध्येही लोकपाल वेगळा आहे आणि तिथे एप्रिल २०२३ पासून ‘लाइस’ ही संस्था रुग्णांना तक्रारीसाठी मदत करते.

हॅरोची सून

सर्वांचे मनापासून आभार. आपण वेळ काढून लिहिलेत, म्हणून पुढे काय झाले ते कळवणे मला माझे कर्तव्य वाटते.

यॉर्कशरच्या डॉक्टरांनी लिहिलेला शेवटचा परिच्छेद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपल्यावर म्हणाल्या, ‘आण तो कागद.’ प्लास्टरमधून सुटलेल्या उजव्या हाताने त्यांनी संमतिपत्रावर देवनागरीत पूर्ण नाव लिहिले. अक्षर थरथरले होते, पण मी लिहून देऊ का असे विचारल्यावर त्यांनी मान हलवून नकार दिला.

पत्र प्रॅक्टिस मॅनेजरना दिले. दुसऱ्याच दिवशी पोच आली आणि तिसऱ्या आठवड्यात आम्हाला बोलावले. आम्ही मागितल्याप्रमाणे फोनवर मराठी दुभाषी होत्या आणि फोन मेजाच्या मधोमध ठेवला होता. मी ठरवून काहीही बोलले नाही. सासूबाईंनी प्रथम त्यांच्या डॉक्टरांना ‘आपली प्रकृती कशी आहे’ असे विचारले आणि मग म्हणाल्या, ‘मला फक्त एवढंच सांगा, ते पत्र आलं होतं ना? मग ते वाचलं कोणी?’

दुभाषींनी ते इंग्रजीत सांगितले. खोलीत थोडा वेळ शांतता होती. मग डॉक्टर म्हणाले की कोणीही वाचले नाही. पत्रावर कार्यालयात बरोबर खूण झाली होती आणि ते फार्मासिस्टच्या कामाच्या यादीत गेले होते, पण फार्मासिस्ट त्या वेळी दीर्घ रजेवर होते आणि त्यांची यादी दुसऱ्या कोणाकडे सोपवलेली नव्हती. आमच्या पत्रानंतर त्यांनी ती यादी पूर्ण तपासली, तेव्हा त्याच काळातली आणखी काही पत्रे तशीच पडलेली सापडली आणि त्या रुग्णांशी त्यांनी संपर्क साधला. ती किती होती हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आता औषध ‘बंद करा’ असे लिहिलेले प्रत्येक पत्र त्याच दिवशी कामावर असलेल्या डॉक्टरांसमोर जाते आणि रजेवर जाणाऱ्याची यादी कोणाकडे आहे ते कार्यालयाच्या फळ्यावर लिहिले जाते. हे सर्व त्यांनी नंतर लेखी कळवले, माफीसह.

फोनच्या मुद्द्यावर मात्र उत्तर समाधानकारक नाही. ‘त्या आठवड्यात फोन फार होते’ एवढेच त्यात आहे. माझ्या दोन फोनची नोंद का नाही आणि मला परत का पाठवले हे त्यांनी टाळले आहे. त्याबद्दल मी परिषदेच्या तक्रार-साहाय्यकांची पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे. दवाखान्याला आणखी एक पत्र लिहायचे की लोकपालाकडे जायचे हे त्यांच्याशी बोलून ठरवू.

सोडियम आता १३७ आहे. सासूबाईंची रक्तदाबाची तपासणी शुक्रवारी आहे, त्याच डॉक्टरांकडे, आणि दुभाषी सासूबाईंनी स्वतः मागून घेतली आहे.